शेल्टरमधून कुत्रा दत्तक घेताना: आधी घर तयार, मग कुत्रा

पुण्यातल्या एका शेल्टरसाठी मी गेली काही वर्षं घरभेटी करते. कुत्रा देण्याआधी त्या घरी जायचं, माणसांशी बोलायचं, गॅलरी-दारं बघायची आणि नंतर तीन महिने फोनवर विचारपूस करायची, असं हे काम आहे. शनिवारी थाटात घरी गेलेल्या कुत्र्याबद्दल गुरुवारी फोन येतो, "ताई, नाही जमणार असं वाटतंय." कारणं जवळजवळ ठरलेली असतात. रात्रभर रडते, पलंगाखालून बाहेरच येत नाही, घरात शू करते, घरमालक चिडलाय, आणि सगळ्यात वाईट म्हणजे दारातून निसटली आणि सापडत नाही.

बहुतेक वेळा कुत्र्यात खोट नसते, क्रम चुकलेला असतो. हल्ली शेल्टरचे कुत्रे इन्स्टाग्रामवर दिसतात. फोटो मनात भरतो, दोन दिवसांत कुत्रा घरी येतो आणि मग पट्टा, डॉक्टर, घरमालक, सासूबाई यांचा विचार सुरू होतो. हाच क्रम उलटा करायचा आहे.

शेल्टरमध्ये बहुतांश देशी कुत्रेच असतात आणि दत्तक घेणारे बहुतांश फ्लॅटमध्ये राहतात, म्हणून लेख तेवढ्यापुरताच ठेवलाय. मांजरांची गोष्ट वेगळी आहे.

टप्पा १: माणसांची तयारी (किमान दोन-तीन आठवडे आधी)

घरातल्या प्रत्येकाला समोर बसवून विचारा. "आईचा विरोध आहे, पण पिल्लू बघितलं की विरघळेल" हे वाक्य मी घरभेटीत अनेकदा ऐकलंय. कधीकधी आई विरघळतेही. नाही विरघळली, तर कुत्रा परत जातो आणि दुसऱ्यांदा सुटलेलं घर त्याला पहिल्यापेक्षा जड जातं.

एक कागद घ्या आणि त्यावर लिहा: सकाळी सहाला कोण फिरवणार, दुपारी कोण, रात्री दहाला कोण, आणि गावी गेलात तर कुत्रा कुणाकडे. दहा-बारा वर्षांच्या मुलाचं नाव यात घालायचं नाही. मुलं मदत करतील, जबाबदारी मोठ्यांचीच. रकान्यांत एकच नाव पुन्हापुन्हा येत असेल, तर त्या एका माणसाची खरोखर तयारी आहे का, हे त्याला एकट्याला विचारा.

भाड्याचं घर असेल तर घरमालकाची परवानगी लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर का होईना. तोंडी "हो हो, ठेवा" शेजाऱ्याने पहिली तक्रार केली की बदलतं. सोसायटीचा प्रश्न निराळा. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, ठराव बहुमताने झाला तरीही. लिफ्ट वापरू न देणंही त्यात बसत नाही. तरी भांडणाने सुरुवात करू नका. सेक्रेटरींना आधीच एक साधं पत्र द्या: कुत्रा आणतो आहोत, लसीकरणाची प्रत देऊ, पट्ट्याशिवाय फिरवणार नाही, घाण आम्ही उचलू. ज्यांनी हे पत्र आधी दिलं, त्यांच्याकडे नंतर वाद झालेले मी फार कमी पाहिलेत.

खर्चात लोक फक्त खाणं मोजतात. त्याशिवाय दरवर्षीच्या लसी, जंतांचं औषध, गोचिडांचं औषध, राहिली असेल तर नसबंदी, आणि तुम्ही गावी असताना सांभाळणाऱ्याचे पैसे. गोचीडताप किंवा पार्व्हो (उलट्या आणि रक्ताचे जुलाब होणारा विषाणूजन्य आजार) झाला तर सलाईन, तपासण्या, रोजच्या फेऱ्या यांत काही हजार सहज जातात. ती रक्कम वेगळी काढून ठेवा.

*तारीख निवडताना सावध:* दिवाळीच्या आधीच्या तीन-चार आठवड्यांत नवा कुत्रा आणू नका. तुमचं घर आपलं आहे हे अजून त्याला कळलेलं नसतं, आणि पहिला सुतळी बॉम्ब वाजला की तो वाट फुटेल तिकडे पळतो. गणपतीत तुमच्या गल्लीत ढोल-ताशे असतील तर तेही दिवस टाळा. घरात लग्नकार्य किंवा पाहुणे असतील, तेव्हाही नको. सलग पाच-सात दिवस तुम्ही घरी आहात आणि घर शांत आहे, असा आठवडा शोधा.

टप्पा २: कुत्रा निवडणं

पहिला निर्णय वयाचा. बहुतेकांना पिल्लूच हवं असतं, "लहानपणापासून वळण लावता येतं" म्हणून. चार महिन्यांखालच्या पिल्लाला दोन-दोन तासांनी शू लागते, रात्रीही. त्याच्या लसी सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होतात आणि दर तीन-चार आठवड्यांनी डोस देत साधारण सोळा आठवड्यांपर्यंत चालतात. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास. तोवर भटक्या कुत्र्यांच्या वाटेवर त्याला खाली सोडता येत नाही. दोघेही नऊ तास ऑफिसला जात असाल, तर पिल्लू आणू नका. हे मी स्पष्ट सांगते आणि लोक नाराज होतात, पण त्या पिल्लाचे ते नऊ तास फार वाईट जातात.

दीड ते तीन वर्षांचा कुत्रा नोकरदार घराला जास्त सोयीचा. त्याचा आकार कळलेला असतो, स्वभाव बऱ्यापैकी दिसतो, नसबंदी बहुधा झालेली असते. देशी कुत्र्याच्या कानाच्या टोकाला बारीकशी खाच दिसली, तर ती नसबंदीची खूण असते, जखम नव्हे. आणि सात-आठ वर्षांच्या कुत्र्यांकडे कुणी बघतच नाही. घरात निवृत्त आजी-आजोबा असतील तर त्यांच्या चालीला असा कुत्रा फार छान जुळतो.

फोटोवरून नाव पक्कं करू नका. किमान दोनदा जा. एकदा पिंजऱ्यापाशी बघा आणि दुसऱ्यांदा शेल्टरच्या माणसासोबत त्याला पट्ट्यावर बाहेर काढून अर्धा तास फिरा. दोन्ही वेळचा कुत्रा वेगळा दिसतो. गजांवर उड्या मारून भुंकणारा बाहेर आल्यावर शहाण्यासारखा चालतो. आणि इथेच सगळ्यात मोठी फसगत होते: कोपऱ्यात निपचित बसलेला कुत्रा "किती शांत आहे" म्हणून निवडला जातो. तो शांत नसतो, भीतीने गोठलेला असतो. शेपटी पोटाशी, कान मागे, खाऊ समोर धरला तरी तोंड वळवतो, ही भीतीची लक्षणं. असा कुत्रा घेऊच नये असं नाही. मला स्वतःला अशाच कुत्र्यांची जास्त ओढ आहे. पण त्याला तीन दिवसांऐवजी तीन महिने लागू शकतात, हे आधी माहीत असावं.

शेल्टरला विचारायचे प्रश्न:

- रस्त्यावरून आला की कुणी सोडला? सोडला असेल तर का?
- मांजर, लहान मूल, हातात काठी घेतलेला वॉचमन, हेल्मेट घातलेला माणूस समोर आल्यावर काय करतो?
- खाताना कुणी जवळ गेलं तर गुरगुरतो का?
- डिस्टेंपर (कुत्र्यांचा एक गंभीर विषाणूजन्य आजार) किंवा गोचीडताप होऊन गेलाय का? रक्ततपासणी शेवटची कधी झाली?
- जननेंद्रियाची गाठ होती का? रस्त्यावरच्या कुत्र्यांत ही संसर्गाने पसरणारी गाठ आढळते. दर आठवड्याच्या इंजेक्शनांनी ती बहुतेकदा पूर्ण बरी होते, पण कोर्स संपलाय का हे विचारा.
- सध्या काय खातो, किती वाजता?

प्रामाणिक शेल्टर वाईट गोष्टीही सांगतं. सगळ्या प्रश्नांना "काही त्रास नाही हो" एवढंच उत्तर आलं, तर थोडं थांबा.

बऱ्याच संस्था आता आधी फॉस्टर म्हणून, म्हणजे तात्पुरता सांभाळायला, दोन-तीन आठवडे कुत्रा देतात आणि जमलं तर दत्तकपत्र करतात. पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्यांनी हा मार्ग आवर्जून मागावा.

शेल्टरऐवजी तुमच्या गल्लीतलाच एखादा कुत्रा घरी घ्यायचा असेल, तर २२ ऑगस्ट २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशात त्याची वाट आहे: महापालिकेकडे अर्ज करून ठरावीक कुत्रा दत्तक घेता येतो. मात्र तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी अर्ज करणाऱ्याची. "दिवसा खाली, रात्री घरात" हा प्रकार त्यात बसत नाही.

*सावध:* कुत्रा प्रत्यक्ष बघण्याआधी "ट्रान्सपोर्ट" किंवा "बुकिंग" म्हणून पैसे मागणारा माणूस शेल्टरचा नसतो. लसीकरण-नसबंदीच्या खर्चापोटी काही संस्था रक्कम घेतात, पण समोरासमोर आणि पावती देऊन.

टप्पा ३: घर आणि सामान (कुत्रा येण्याच्या आधी, त्याच दिवशी नव्हे)

सर्वात आधी पट्टा, कारण कुत्रा हरवतो तो इथेच. देशी कुत्र्याची मान आणि डोकं जवळपास एकाच जाडीचं असतं. घाबरून तो मागे सरकला की साधा गळपट्टा टोपीसारखा निघून येतो. म्हणून छातीभोवती बसणारा हार्नेस आणि गळ्यातला पट्टा, दोन्ही घ्या. पहिले काही आठवडे दोर दोन्हीत अडकवा. पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम जातील इतका तो घट्ट हवा. आपोआप लांब होणारा फिरकीचा दोर नको. हातातून निसटला की तो खडखडत कुत्र्याच्या मागे जातो आणि कुत्रा आणखी पळतो. गळपट्ट्यावर तुमचा मोबाईल नंबर कोरलेला बिल्ला शेल्टरमधून निघण्याआधीच लावा.

मग दारं. सेफ्टी डोअर असेल तर नियम करा: आतलं दार बंद झाल्याशिवाय बाहेरचं उघडायचं नाही. दूधवाला, कामाच्या मावशी, कुरिअरवाला, सगळ्यांना हे सांगावं लागतं. दाराला आतून मोठी चिठ्ठी लावा. गॅलरीच्या गजांतून कुत्र्याचं डोकं जात असेल, तर बाकीचा कुत्राही जाईल असंच धरा आणि जाळी बसवा.

त्याची जागा ठरवा. जाण्यायेण्याच्या वाटेवर नको, गॅलरीतही नको. हॉलचा किंवा बेडरूमचा भिंतीकडचा कोपरा, जुनी गोधडी, पाण्याचं जड भांडं. मागे भिंत असली की कुत्र्याला धीर येतो.

फरशीबद्दल एक गोष्ट फार कुणी सांगत नाही. शेल्टरमध्ये कुत्रे सिमेंटच्या किंवा कोब्याच्या जमिनीवर शी-शू करतात. तुमची टाईल त्यांना तशीच वाटते. तो "घाणेरडा" नाही, त्याला आजवर हेच माहीत आहे. महागडे गालिचे महिनाभर गुंडाळून ठेवा आणि जैविक एन्झाइमचं क्लीनर आणून ठेवा. वास पूर्ण गेला नाही की तो पुन्हा तिथेच जातो. काळं फिनाईल बंद करा. ते पंजाला लागतं, कुत्रा पंजे चाटतो आणि ते पोटात जातं.

*पिल्लू आणणाऱ्यांनी तपासा:* गेल्या वर्षभरात याच घरात पार्व्होने कुत्रा गेला असेल, तर लसी अपुऱ्या असलेलं पिल्लू आणू नका. हा विषाणू घरात महिनोन् महिने टिकतो आणि साध्या साबणाने मरत नाही. एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी असं द्रावण फरशीवर दहा मिनिटं ठेवून मग पुसावं. तरीही पूर्ण लसीकरण झालेला मोठा कुत्रा आणणंच बरं.

डॉक्टरही आत्ताच ठरवा. जवळच्या व्हेटची वेळ घ्या आणि रात्री उघडं असणाऱ्या दवाखान्याचा नंबर फ्रीजवर लावा.

टप्पा ४: कागदपत्रं

इथे फार वेळ लागत नाही. दत्तकपत्रावर सही, ओळखपत्र आणि पत्त्याच्या पुराव्याची प्रत. शेल्टरकडून लसीकरणाचं कार्ड आणि नसबंदीचा दाखला मागून घ्या. कार्डावर रेबीजच्या लसीची तारीख आणि डॉक्टरांची सही-शिक्का आहे का बघा, कारण कुत्रा पाळण्याच्या महापालिकेच्या परवान्याला हाच पुरावा लागतो. पुणे आणि मुंबई महापालिकेत परवान्याचा अर्ज ऑनलाइन करता येतो.

दत्तकपत्रातली "कुत्रा सांभाळता आला नाही तर आमच्याकडेच परत आणावा" ही अट वाचून सही करा. ही अट नसेल, तर ती घालायला सांगा.

टप्पा ५: आणायचा दिवस

१. सकाळी आणा. संध्याकाळी आणलेल्या कुत्र्याची पहिली रात्र अनोळखी अंधारात जाते.

२. निघण्याआधी पोटभर खायला घालू देऊ नका. बहुतेकांनी गाडी पहिल्यांदाच पाहिलेली असते आणि उलटी होते.

३. दोन माणसं हवीत, एक गाडी चालवायला आणि एक पट्टा धरायला. रिक्षाने आणावं लागलं, तर दोराचा वेढा मनगटाला घ्या. दुचाकीवर आणू नका.

४. गाडीचं दार उघडण्याआधी दोर हातात आहे का बघा. मोठ्याने म्हणा: "दोर हातात आहे." वेडगळ वाटेल, पण मी स्वतः आजही म्हणते.

५. थेट वर नेऊ नका. सोसायटीच्या शांत बाजूला वीस-पंचवीस मिनिटं हळूहळू फिरवा, शू होऊ द्या. झाली की तिथल्या तिथे खाऊ.

६. दोर न काढता घरात आणा, एकेक खोली हुंगू द्या आणि मग त्याच्या कोपऱ्यापाशी सोडा.

आणि मग त्याच्यापासून लांब बसा.

इथे पहिली मोठी चूक होते. दारात औक्षण, केक, शेजारची आठ मुलं, व्हिडिओ. तुमचा आनंद खरा आहे, मला तो दिसतो. पण त्या जिवाला पेटलेली निरांजन आणि अंगावर येणारे हात एवढंच दिसतं. ओवाळायचं असेल तर पंधरा दिवसांनी ओवाळा, तोवर तो ताटातल्या पेढ्याकडे बघत शेपटीही हलवेल. पहिल्या दिवशी अंघोळही नको. वास आला तर ओल्या फडक्याने पुसा, तेही त्याने जवळ येऊ दिलं तर.

टप्पा ६: पहिले तीन दिवस

पलंगाखाली गेला तर ओढून काढू नका. चावे बहुतेक याच वेळी बसतात. खाण्याचं भांडं जवळ सरकवा आणि दुसरीकडे जा. रात्री घर झोपल्यावर तो बाहेर येऊन हिंडतो, पाणी पितो. हिंडू द्या.

शेल्टरमध्ये जे खात होता तेच द्या, चिकन-भात तर चिकन-भात. बदल करायचा असेल तर आठवड्याभराने आणि जुन्यात थोडंथोडं नवीन मिसळत, सात ते दहा दिवसांत. कौतुकाने दूध पाजू नका, अनेकांना त्याने जुलाब होतात. शिजवलेली हाडं, कांदा-लसूण, मनुका-द्राक्षं आणि चॉकलेट कधीच नाही.

रात्री रडला तर हाकलू नका, बंद खोलीतही टाकू नका. पहिल्या रात्री तुमच्यापैकी कुणीतरी त्याच खोलीत चटई टाकून झोपा. "सवय लागेल" ही भीती खोटी आहे. घराची खात्री पटली की तो आपणहून आपल्या गोधडीवर जातो.

रोज संध्याकाळी एवढं तपासा:

- पाणी प्यायला का?
- शू झाली का, रंग कसा? गडद चहासारखा असेल तर त्याच दिवशी डॉक्टर.
- हिरड्या गुलाबी आहेत का? पांढुरक्या हिरड्या, ताप, मलूलपणा हा गोचीडताप असू शकतो.
- कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यात गोचिडी?
- उलट्या, रक्ताचे जुलाब, सतत खोकला?

घाबरल्यामुळे पहिल्या दिवशी न खाणं चालतं. मोठा कुत्रा दोन दिवस खातच नसेल, किंवा पाणीही पीत नसेल, तर दवाखाना. पिल्लाच्या बाबतीत एका दिवसाचीही वाट बघू नका. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देऊ नका. माणसाची ही औषधं कुत्र्याला विषासारखी ठरू शकतात.

*चावा किंवा ओरखडा लागला तर:* जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लसीबद्दल विचारा. कुत्र्याचं लसीकरण झालंय म्हणून घरबसल्या निर्णय घेऊ नका. हळद, चुना, मिरची काही लावू नका.

टप्पा ७: पहिले तीन आठवडे

शी-शूचं वेळापत्रक हा या टप्प्याचा कणा. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर आणि रात्री झोपण्याआधी खाली न्या. मोठ्या कुत्र्यालाही सुरुवातीला दिवसातून पाच-सहा फेऱ्या लागतात. माती किंवा गवत असलेली एकच जागा धरा. घरात झाली तर ओरडू नका, नाक घासणं तर अजिबात नको. त्यातून तो एवढंच शिकतो की तुमच्यासमोर शू करायची नाही, आणि मग बाहेर तुम्ही दोर धरून उभे असताना तो तासभर धरून ठेवतो.

एकटं राहणं शिकवावं लागतं. सात दिवस सतत सोबत बसून आठव्या दिवशी नऊ तासांसाठी ऑफिसला जाणं ही दुसरी मोठी चूक. दाराच्या कड्या चावलेल्या, शेजारी वैतागलेले. तिसऱ्या दिवसापासूनच सुरू करा: चपला घाला, बाहेर जा, एका मिनिटात परत या. मग पाच, मग पंधरा. जाताना निरोप नाही, येताना गोंधळ नाही.

लिफ्टचा धक्का अनेकांना सोसत नाही. दोन दिवस नुसतं उघड्या लिफ्टमध्ये खाऊ देऊन बाहेर या. फाटकाबाहेरच्या कुत्र्यांनाही वेळ द्या. तुमचा कुत्रा त्यांच्या हद्दीत उपरा आहे. रस्ता बदला, दोर ताणून धरू नका, आणि घाबरून त्याला उचलून घेऊ नका. उचललं की ते तुमच्या अंगावर येतात.

या काळात दोर कुठेही सोडायचा नाही, "आता ओळखतो मला" असं वाटलं तरी. निसटलाच, तर मागे धावू नका. खाली बसा, पाठ वळवा, खाऊची पिशवी वाजवा. दिसेनासा झाला तर लगेच शेल्टरला कळवा. त्यांच्यातलं कुणीतरी त्याच्या ओळखीचं असतं, त्या आवाजाला तो परत येऊ शकतो.

टप्पा ८: तीन महिन्यांपर्यंत

चौथ्या-पाचव्या आठवड्यात अचानक भुंकणं, चप्पल चावणं, पाहुण्यांवर गुरगुरणं सुरू होतं आणि लोक म्हणतात, "आधी बरा होता, आता बिघडला." तो आत्ता कुठे मोकळा झालाय. घर आपलं वाटलं, म्हणून तो राखण करतो. याच काळात बरेच कुत्रे परत जातात, म्हणून हा फोन मी आधीच करते. चावायला चिवट खेळणं द्या, चालण्याचा वेळ वाढवा, पाहुणे आले की दोर लावून जवळ बसवा. महिनाभरात फरक दिसला नाही, तर न मारता शिकवणारा प्रशिक्षक गाठा.

नसबंदी राहिली असेल तर याच काळात डॉक्टरांकडून तारीख घ्या. पावसाळ्याआधी लेप्टोस्पायरोसिसची लस आणि गोचिडांचं औषध बघा. पाणी साचणाऱ्या भागात ही लस चुकवू नये.

आणि सगळं करूनही जमलंच नाही, घरात बाळाला दमा निघाला किंवा बदली झाली, तर शेल्टरला लवकर सांगा, शक्य असेल तर महिनाभर आधी. तेवढ्या वेळात दुसरं घर मिळू शकतं. ओळखीतल्या कुणाच्या "फार्महाऊसवर" देऊ नका, आणि रस्त्यावर तर कधीच सोडू नका. पाळलेलं जनावर सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. परत नेताना तुम्ही स्वतः सोबत जा. त्याची गोधडी न धुता द्या, हार्नेस, लसीचं कार्ड द्या, आणि एका कागदावर लिहून द्या: काय खातो, कोणत्या हाकेला येतो, कशाला घाबरतो, कुठे खाजवलं की डोळे मिटतो.